घरचें गोड आणि कोकोची पूड

“साखरेचें खाणार त्याला देव देणार” अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. साखर ही सणासुदीचीच वस्तु होती, आणि पाहुण्यापुढें गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवला म्हणजे आदरातिथ्य पुरें होत असे, त्या काळीं ही म्हण शोभून दिसत होती. सांप्रत देवानें द्यावयाचें तें दुकानदारच देऊं लागला आहे. शाळेच्या फाटकापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत गोडाचीं दुकानें पसरलेलीं आहेत, आणि त्या दुकानांतील ज्या जिन्नसाकडे मुलांची नजर प्रथम जाते, तो जिन्नस म्हणजे चॉकलेट होय.

मुलांनीं चॉकलेट खावें कीं खाऊं नये, हा वाद आज घरोघर चालूं आहे. आई “नको” म्हणते, आजोबा तेंच गुपचूप खिशांतून काढून नातवाच्या हातावर ठेवतात, आणि दांत दुखूं लागला म्हणजे दोघेहि चॉकलेटाला दोष देऊन मोकळीं होतात. या वादांत आम्हांस एक तिसरा पक्ष मांडावयाचा आहे. आमच्या मतें कोको बव्हंशीं निर्दोष आहे. दोष आहे तो त्याच्या संगतीस बसविलेल्या साखरेचा. ही संगत किती ठेवावी हें ठरविण्याचा अधिकार आपल्या हातीं परत घ्यावयाचा असेल, तर कोकोचें गोड आपण घरींच केलें पाहिजे. तथापि घरीं केलें एवढ्यानेंच तें आरोग्यदायी ठरत नाहीं, हेंहि आम्हांस तितक्याच स्पष्टपणें सांगावयाचें आहे.

प्रथम या वस्तूची थोडी ओळख करून घेऊं. कोकोचें झाड मूळचें अमेरिका खंडांतील. त्याचीं फळें फणसाप्रमाणें थेट खोडाला व जाड फांद्यांना लागतात. एका फळांत सामान्यतः तीस ते पन्नास बिया असतात, आणि त्यांच्याभोंवतीं पांढरा, आंबटगोड गर असतो. या बिया कांहीं दिवस झांकून आंबवितात, मग उन्हांत वाळवितात, भाजतात, आणि टरफलें काढून वाटतात. त्यांच्या वजनांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. माया व अझ्टेक लोक या बियांचें कडू पेय करीत, व त्यांत मिरचीहि घालीत. बियांना इतकें मोल होतें कीं, त्या नाण्यांप्रमाणें व्यवहारांत चालत. पुढें स्पॅनिश लोकांबरोबर ही वस्तु युरोपांत गेली, आणि तेथें तिची साखरेशीं गांठ पडली. १७५३ सालीं लिनियस या शास्त्रज्ञानें झाडाचें नांव ‘थिओब्रोमा’ असें ठेविलें; त्याचा अर्थ देवांचें अन्न.

हॉलंडांतील व्हॅन हाउटेन यांच्या घराण्यानें १८२८ सालीं एका दाबयंत्राचें पेटंट घेतलें. वाटलेल्या कोकोंतील बराचसा स्निग्धांश त्या यंत्रानें पिळून काढतां येऊं लागला, आणि राहिलेली पेंड दळून कोकोची पूड तयार झाली. चावून खावयाची चॉकलेटची वडी इंग्लंडांत ब्रिस्टल येथें फ्राय यांच्या कारखान्यांत १८४७ सालीं निघाली, व दुधाचें चॉकलेट स्वित्झर्लंडांत डॅनियल पीटर यांनीं १८७५ सालीं केलें. म्हणजे पूड आधीं आणि वडी मागून, असा हा क्रम आहे. बर्मिंगहॅम येथें १८२४ सालीं दुकान उघडणारे जॉन कॅडबरी हे क्वेकर पंथाचे गृहस्थ होते. लोकांनीं दारू सोडून चहा, कॉफी व कोको प्यावा, ही त्यांची खटपट होती. व्यसन सुटावें म्हणून जी वस्तु लोकांच्या पुढें ठेवण्यांत आली, तीच आज साखरेच्या व्यसनाचें वाहन होऊन बसावी, यास काय म्हणावें?

आतां पुडीच्या गुणदोषांकडे वळूं. निव्वळ कोकोची पूड गोड नसते, कडू असते. तिच्या वजनांत सुमारें एक तृतीयांश तंतुमय भाग असतो, व मॅग्नेशियम, पोटॅशियम, लोह इत्यादि क्षार असतात. परंतु आपण पूड घेतों ती चमचाभर, मूठभर नव्हे, हें विसरतां कामा नये. त्यांतून तिच्यांतील तुरट द्रव्यें लोह अंगीं लागण्यास अडथळा करितात. म्हणून पंडुरोगावर कोको हा उपाय आहे असें कोणी सांगेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. याच तुरट द्रव्यांपैकीं कांहीं हृदयास हितकारक आहेत असें म्हणतात. त्याची परीक्षा करण्यासाठीं अमेरिकेंत २१ हजारांहून अधिक प्रौढांवर एक मोठा प्रयोग झाला, व त्याचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हृदयविकाराच्या एकूण प्रसंगांत निर्णायक घट दिसून आली नाहीं. हृदयविकारानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण मात्र कांहीं कमी आढळलें. तो प्रयोगहि कोकोचा अर्क भरलेल्या गोळ्यांचा होता, लाडू-वड्यांचा नव्हता. म्हणून कोकोला औषध म्हणूं नये. रुचि देणारी एक चांगली वस्तु एवढेंच त्यास म्हणावें, आणि तें कांहीं कमी नाहीं.

कोकोंत थिओब्रोमिन नांवाचें उत्तेजक द्रव्य आहे, व थोडें कॅफिनहि आहे. कॉफीच्या पेल्याच्या मानानें चमचाभर पुडींतील कॅफिन फारच थोडें. तरी अगदीं लहान मुलांस, किंवा कोणासहि निजावयाच्या वेळीं, कोको न देणें बरें. आणखी एक सूचना मुलांनीं ध्यानांत ठेवावी. हें थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरांत विषासारखें काम करितें. आपल्या ताटांतील कोकोचा घांस मायेनें घरच्या कुत्र्याला देणें म्हणजे त्याच्यावर उपकार करणें नव्हे.

मग खरा शत्रु कोण? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, पदार्थांत वरून घातलेली साखर, तसेंच मध, पाक व फळांचा रस यांतील साखर, ही दिवसाच्या एकूण आहारशक्तीच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगलें. ५ टक्के म्हणजे प्रौढ मनुष्यास सुमारें २५ ग्रॅम, किंवा सहा लहान चमचे. लहान मुलांचा आहार थोडा, म्हणून त्यांची मर्यादाहि त्याहून कमी. आतां हिशेब करा. बाजारांतील दुधाच्या चॉकलेटांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असणें ही सामान्य गोष्ट आहे. पन्नास ग्रॅमची एक वडी मधल्या सुट्टींत खाल्ली, कीं त्या दिवसाची साखर तेथेंच संपली; घरचा चहा, जेवणांतील शिकरण व संध्याकाळचें बिस्किट हें सर्व त्यावर कर्ज!

सुज्ञ पालकांनीं एक सवय अवश्य लावून घ्यावी. डब्यावरचें चित्र पाहूं नये, मागील बाजूचीं बारीक अक्षरें वाचावीं. कायद्यानें घटकद्रव्यें वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावीं लागतात. ज्याचें नांव पहिलें, तें सर्वांत अधिक. ज्या डब्यावर साखरेचें नांव पहिलें आणि कोकोचें चौथें, तो डबा कोकोचा नसून साखरेचा आहे. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या पुडींत बहुतेक भाग साखरेचाच असतो. घरच्या गोडासाठीं आणावयाची ती बिनसाखरेची, निव्वळ कोकोची पूड. दुधांत घालावयाच्या कित्येक गोड पुडी ‘आरोग्यपेय’ या नांवानें खपत असत. एप्रिल २०२४ मध्यें भारत सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानें इंटरनेटवरील दुकानांना सूचना केली कीं, असलीं पेयें त्या सदरांत दाखवूं नयेत, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यांत आरोग्यपेय अशी व्याख्याच नाहीं. मे २०२५ मध्यें केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितलें. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु फलक भिंतीवर राहतो आणि डबा दप्तरांत जातो. म्हणून खरी सुधारणा डब्यापासूनच व्हावयास हवी.

येथें एका गोड गैरसमजाचा समाचार घेणें जरूर आहे. साखर काढून गूळ किंवा मध घातला, कीं पदार्थ आरोग्यदायी झाला, असें पुष्कळांस वाटतें. गुळांत क्षारांचा थोडा अंश असतो व त्याची चव खमंग असते, हें आम्ही मान्य करितों. परंतु गुळाचा फार मोठा भाग साखरच आहे. खजुरांत तंतु असतात, म्हणून तो साखरेहून नक्कीच बरा. तरी बिया काढलेल्या खजुराच्या वजनांतहि दोन तृतीयांशाच्या आसपास साखर असते. नांव बदलल्यानें वस्तु बदलत नाहीं. घरच्या गोडाचा लाभ गुळांत किंवा खजुरांत नसून मापांत आहे; चमचा आपल्या हातीं असतो, हाच तो लाभ.

आतां नुसता उपदेश करून थांबणें योग्य नव्हे. म्हणून दोन पदार्थ सांगतों.

पहिला नाचणी-कोकोचा लाडू. एक वाटी नाचणीचें पीठ तीन मोठे चमचे तुपांत मंद आंचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावें. भांडें खालीं उतरवून त्या गरम पिठांतच दोन मोठे चमचे कोकोची पूड व चिमूटभर मीठ मिसळावें. पूड विस्तवावर भाजूं नये, ती चटकन करपते. आणि मीठ वगळूं नये, त्यानें कडवटपणा मावळून कोकोचा स्वाद खुलतो. बिया काढलेला मऊ खजूर एक वाटी घेऊन बारीक वाटावा, अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचा कूट घालावा, आणि सर्व एकत्र मळून पंधरा लाडू वळावे. खजुराच्या हिशेबानें एका लाडवांत सहा-सात ग्रॅम साखर येते. नाचणींत दर शंभर ग्रॅमांस सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; तांदूळ किंवा गहूं त्याच्या जवळपासहि येत नाहींत. आपल्या डोंगराळ मुलखांतील गरिबाचें धान्य म्हणून जिची उपेक्षा झाली, त्या नाचणीचा काळसर रंग कोकोंत असा मिसळून जातो कीं, तोंड वेंगाडणारें मूलहि दुसरा लाडू मागूं लागतें. तो दुसरा लाडू मात्र दुसऱ्या दिवशींच द्यावा.

दुसरा पदार्थ कोकोचें दूध. कोकोची पूड थंड दुधांत विरत नाहीं, तिच्या गुठळ्या होतात. म्हणून एक लहान चमचा पूड प्रथम दोन चमचे कढत पाण्यांत घोटून घ्यावी, आणि मग पेलाभर गरम दुधांत मिसळावी. गूळ घालावयाचा तर दूध चुलीवरून उतरवून किंचित् निवल्यावर एक लहान चमचा घालावा. उकळत्या दुधांत गूळ पडला तर दूध फाटण्याचें भय असतें. पिकलेलें केळें कुसकरून घातलें तर गुळाचीहि गरज उरत नाहीं. विकतच्या गोड पुडीचे दोन-तीन मोठे चमचे दुधांत ढवळणाऱ्या मुलानें हें पेय आठवडाभर पिऊन पहावें.

यावर कांहीं आक्षेप येतील. कोणी म्हणेल, आईला कामावर जावयाचें असतें, तिला लाडू वळण्यास वेळ कोठून? आक्षेप रास्त आहे, परंतु आम्ही उलट विचारतों, हें काम आईनेंच कां करावें? वरील लाडवांत चुलीचें काम पीठ भाजण्याचें तेवढेंच. तें वडील माणसानें करावें. खजुराच्या बिया काढणें, दाणे सोलणें, कूट करणें, लाडू वळणें हीं कामें आठवी-नववींतील मुलगा किंवा मुलगी सहज करूं शकते. स्वयंपाकघर हें मुलींचें आणि क्रीडांगण हें मुलग्यांचें, ही वांटणी आतां मोडली पाहिजे. जो मुलगा स्वतःच्या हातानें पातेल्यांत साखर मोजून घालतो, त्याला साखरेचें प्रमाण दहा व्याख्यानांनीं कळणार नाहीं इतकें एका रविवारीं कळतें. चमचा हातांत असतां डोळा झांकतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. २०२४ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील पीक बुडाल्यामुळें कोकोचा भाव जगाच्या बाजारांत टनास १० हजार डॉलरांच्या वर गेला होता, आणि त्या वेळीं चॉकलेट महागलें हें खरें. परंतु पूड चमच्यानें लागते, म्हणून एक लहान डबा बरेच दिवस पुरतो. आणि ज्या घरीं तोहि परवडत नाहीं, त्या घरच्या मुलांनीं मुळींच खंत करूं नये. कोकोवांचूनहि नाचणीचा लाडू तितकाच पौष्टिक असतो. कोको ही हौस आहे, गरज नव्हे.

तिसरा आक्षेप मुलांचा, आणि तो सर्वांत जड आहे. ते म्हणतात, घरचें तितकें गोड लागत नाहीं. कडू कारलें तुपांत तळलें, साखरेंत घोळलें तरी कडू तें कडूच, अशी म्हण आहे; परंतु जिभेचें तसें नाहीं. ती संवयीची दासी आहे. ज्या मुलास आज तीन चमचे साखर लागते, त्याची साखर दर आठवड्यास अर्धा अर्धा चमचा उतरवीत न्यावी. एक-दोन महिन्यांनीं पूर्वीचा पेला त्यालाच अति गोड लागूं लागेल. एकदम सर्व बंद करणाऱ्या घरांत मुलें चोरून खावयास शिकतात. त्यापेक्षां ही मंद वाट आम्हांस अधिक पसंत आहे.

या निमित्तानें शाळेतील एका प्रघाताविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. वाढदिवसाच्या दिवशीं वर्गांत चॉकलेट वांटण्याची चाल सर्वत्र पडली आहे. साधी गोळी वांटणारा आणि परदेशी वडी वांटणारा असे दोन वर्ग एकाच वर्गांत तयार होतात, आणि ज्याच्या वडिलांस यांतील कांहींच शक्य नाहीं, तो मुलगा त्या दिवशीं शाळेला येण्याचेंच टाळतो. साखरेनें दांत किडतात. या चढाओढीनें मनें किडतात. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक वर्गानें महिन्यांतून एकच दिवस ठरवावा, त्या महिन्यांत जन्मलेल्या सर्वांचा वाढदिवस त्या दिवशीं एकत्र साजरा व्हावा, आणि त्या मुलांनीं मिळून घरीं केलेला एकच पदार्थ सर्वांस एकेक द्यावा. कोणी नाचणी आणील, कोणी खजूर, कोणी कोकोची पूड, आणि ज्याला कांहींच आणणें शक्य नसेल तो लाडू वळावयास येईल. त्याच्या हातचा लाडू इतरांच्या लाडवांत ओळखूं येणार नाहीं. मात्र दाण्यांची बाधा होणारीं कांहीं मुलें असतात. वर्गशिक्षकांनीं आधीं चौकशी करावी, आणि तसें मूल असल्यास कूट वगळून भाजलेल्या तिळाचा उपयोग करावा. तीळहि सोसत नसल्यास तोहि वगळावा. हात स्वच्छ धुण्याविषयीं तर सांगणेंच नको.

शेवटीं ज्या हातांनीं हा कोको आपल्यापर्यंत येतो, त्या हातांची आठवण करणें आमचें कर्तव्य आहे. आपल्या देशांत केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडु येथें नारळी-पोफळीच्या बागांत कोकोची लागवड होते. मंगळूर येथें १९७३ सालीं स्थापन झालेल्या कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनें १९८६ सालीं पुत्तूर येथें आपला चॉकलेटचा कारखानाहि उभारला. परंतु जगांतील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या दोन आफ्रिकी देशांतून येतो. तेथील शेतांतून मुलांना राबविण्यांत येतें, हें दुःख जुनें आहे. साओ टोमे बेटावरील मजुरांस गुलामांप्रमाणें राबवितात हें उघडकीस आल्यावर १९०९ सालीं इंग्रज कारखानदारांनीं तेथील कोको घेणें बंद केलें. २००१ सालीं मोठ्या कारखानदारांनीं बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार बंद करण्याच्या करारावर सह्या केल्या. तरीहि २०१८-१९ च्या हंगामांत वरील दोन देशांत सुमारें १५ लाख ६० हजार मुलें कोकोच्या शेतांत बालमजूर म्हणून राबत होतीं, असें शिकागो विद्यापीठांतील संशोधनसंस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलें. विद्यार्थिमित्रांनो, हीं मुलें तुमच्याच वयाचीं आहेत. ज्या वेळीं तुमच्या हातांत लेखणी असते, त्या वेळीं त्यांच्या हातांत फळें फोडण्याचा कोयता असतो. त्यांतील कित्येकांनीं चॉकलेट कधीं चाखलेंहि नसेल.

म्हणून कोको टाकून द्यावा काय? आमचें उत्तर नाहीं असें आहे. टाकून दिल्यानें त्या मुलांच्या बापाचें उत्पन्नच बुडेल. परंतु जी वस्तु इतक्या कष्टानें येते, ती हावरेपणानें ओरपण्याची वस्तु नव्हे, एवढें तरी आपण शिकावें. थोडी घ्यावी, चांगली घ्यावी, जमेल तेव्हां आपल्याच देशांतील शेतकऱ्याची घ्यावी, आणि घरीं चार माणसांनीं मिळून तिचा पदार्थ करावा. पालकांनो, येत्या दिवाळीच्या सुट्टींतील एक सकाळ आपल्या मुलांना द्या. फराळाच्या ताटांत पंधरा लाडू त्यांच्या हातचे असूं द्या. आणि मुलांनो, त्या दिवशीं साखरेचा डबा तुमच्या हातीं येईल, तेव्हां चमचा भरण्यापूर्वीं क्षणभर थांबा आणि मोजा.